जुन्या डब्ल्यू १२४ मर्सिडीजसाठी रिम आणि टायरचे माप कसे ठरवावे

मर्सिडीज-बेंझने १९९५ मध्ये पुण्यात टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात ज्या ई-क्लास गाड्या जोडायला सुरुवात केली, त्या डब्ल्यू १२४ या मालिकेतल्या होत्या. पेट्रोलवरची ई २२० आणि डिझेलवरची ई २५० डी या त्यातल्या रस्त्यावर अजूनही दिसणाऱ्या गाड्या. आता त्या बहुतेक हौशी मालकांच्या हातात आहेत. इंजिन, रंग आणि आतली बैठक यांवर पुरेसा खर्च झाला की मालकाची नजर चाकांकडे वळते, आणि टायरच्या दुकानात पहिला प्रश्न येतो तो ‘सोळा टाकायचे की सतरा?’ असा. खरे तर हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. आधी टायरचा बाहेरचा व्यास ठरवावा, मग रिमची रुंदी आणि ऑफसेट, त्यानंतर हब (चाक ज्यावर बसवतात तो मधला भाग) आणि बोल्ट, पुढे भारक्षमता. एवढे जमल्यावर किती इंची रिम घ्यायची हे बरेचसे आपोआप ठरते. या क्रमाने गेल्यास नंतर मडगार्डची कड ठोकून घेण्याची किंवा घेतलेली रिम पडेल त्या भावाने विकण्याची वेळ सहसा येत नाही.

मूळ माप काय सांगते

या गाड्यांना कारखान्यातून १९५/६५ आर१५ हे टायर येत. त्यातला १९५ हा टायरची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो, ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि १५ हा रिमचा इंचांमधला व्यास. भिंतीची उंची १२६.७५ मिलिमीटर येते. ती दुप्पट करून त्यात रिमचा ३८१ मिलिमीटर व्यास मिळवला की ६३४.५ मिलिमीटर हा पूर्ण चाकाचा व्यास मिळतो. हाच आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा, कारण स्पीडोमीटर, गिअरचे गुणोत्तर, गाडीची जमिनीपासूनची उंची आणि मडगार्डखालची मोकळी जागा या सगळ्या गोष्टी याच व्यासाला धरून ठरलेल्या आहेत. नव्या टायरचा व्यास या आकड्याच्या एक टक्का अलीकडे-पलीकडे असल्यास उत्तम, दोन टक्क्यांपर्यंत नाइलाजाने चालेल. त्यापुढे जाऊ नये.

या कसोटीवर नेहमी सुचवली जाणारी मापे तपासून पाहू. २०५/६० आर१५ चा व्यास ६२७ मिलिमीटर, म्हणजे १.२ टक्क्यांनी कमी, तो चालतो. २०५/५५ आर१६ चा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर भरतो आणि फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत राहतो. २२५/५० आर१६ जवळपास तितकाच. २१५/५५ आर१६ हा ६४३ मिलिमीटरचा, म्हणजे १.३ टक्क्यांनी मोठा. २२५/४५ आर१७ चा व्यास ६३४.३ मिलिमीटर येतो, म्हणजे मूळ मापाशी जवळजवळ तंतोतंत जुळतो, आणि म्हणूनच सतरा इंचीचा आग्रह धरणारे याच मापाचा दाखला देतात. व्यास जुळला म्हणजे सगळे जुळले असे मात्र नव्हे. त्याकडे पुढे येतो.

एका मापापासून विशेष सावध राहावे, कारण दुकानात ते हमखास पुढे केले जाते. जुन्या इनोव्हाचे २०५/६५ आर१५ हे टायर सगळीकडे मिळतात, रिमवर बसतात आणि गाडी थोडी उंचही होते, तेव्हा ‘साहेब, एकच नंबर वरचा आहे’ असे सांगून ते बसवून दिले जातात. त्यांचा व्यास ६४७.५ मिलिमीटर आहे, म्हणजे मूळ मापापेक्षा दोन टक्क्यांहून किंचित जास्त. काटा शंभरवर असताना गाडी पूर्वीपेक्षा दोन टक्के अधिक वेगाने जाते, चढावर डिझेल गाडीचा खेच तेवढा मंदावतो, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढच्या चाकांभोवतीची जागा सगळ्या बाजूंनी साडेसहा मिलिमीटरने आक्रसते. शिवाय हे टायर भरलेल्या एमयूव्हीचा भार डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात आणि त्यांतल्या अनेकांचे वेगाचे अक्षर, म्हणजे टायर किती वेग सोसतो ते सांगणारे अक्षर, खालचे असते. डब्ल्यू १२४ ची खासियत असलेली मऊ, भारदस्त चाल त्यांच्यामुळे बिघडते. हे टायर केवळ सहज मिळतात म्हणून घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

रुंदी आणि ऑफसेट यांचा हिशोब

रिमच्या मागच्या बाजूला, दांड्यांच्या आतल्या अंगाला, माप कोरलेले असते. डब्ल्यू १२४ च्या पंधरा इंची अलॉयवर ते बहुधा ‘६ १/२ जे × १५ एच२ ईटी ४८’ असे आढळते. काही रिमवर ईटी ४९ असते. वायर ब्रशने धूळ आणि ब्रेकची काजळी घासून आपल्या रिमवरचा आकडा स्वतः वाचावा, ऐकीव माहितीवर विसंबू नये. साडेसहा जे ही रिमची इंचांमधली रुंदी, एच२ म्हणजे टायर जागेवरून सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना ठेवलेला उंचवटा, आणि ईटी म्हणजे ऑफसेट, अर्थात हबला टेकणारी सपाट बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे ते अंतर. ईटी जितका कमी, तितके चाक मडगार्डच्या बाहेर सरकते. जितका जास्त, तितके आत, शॉक अब्सॉर्बरच्या दिशेने.

नवी रिम घेताना रुंदी आणि ईटी यांचा एकत्र हिशोब करावा लागतो, आणि बहुतेक फसगत इथेच होते. पद्धत सोपी आहे. दोन रिमच्या रुंदीतला फरक मिलिमीटरमध्ये काढून त्याचा अर्धा घ्यावा. आतल्या बाजूसाठी त्यातून ईटीमधली घट वजा करावी आणि बाहेरच्या बाजूसाठी ती मिळवावी. डब्ल्यू २१० ई-क्लासची ७.५ जे × १६, ईटी ४१ ही रिम जुन्या बाजारात बऱ्यापैकी मिळते, तिचेच उदाहरण घेऊ. रुंदीतला फरक एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याचा अर्धा १२.७. ईटी ४८ वरून ४१ झाला, म्हणजे सातने घटला. तेव्हा रिमची आतली कड शॉक अब्सॉर्बरकडे ५.७ मिलिमीटर सरकते आणि बाहेरची कड १९.७ मिलिमीटर बाहेर येते. हीच रीत डब्ल्यू २०३ सी-क्लासच्या ७ जे × १६, ईटी ३७ या रिमला लावली तर आतली कड उलट साडेचार मिलिमीटरहून अधिक लांब जाते आणि बाहेरची सुमारे १७ मिलिमीटर बाहेर येते. दुसरी जोडी डब्ल्यू १२४ ला अधिक मानवते: पुढच्या स्ट्रटजवळ, म्हणजे शॉक अब्सॉर्बरच्या खांबाजवळ, जागा वाढते, आणि मागे बाहेर आलेली रिम मडगार्डच्या कडेआत राहण्याची शक्यता चांगली असते.

सतरा इंचीचे आकडे वेगळेच बोलतात. एएमजी (मर्सिडीजचा वेगवान गाड्यांचा विभाग) धाटणीची ८ जे × १७, ईटी ३४ ही रिम बसवली तर आतली कड ५ मिलिमीटरने जवळ येते आणि बाहेरची तब्बल ३३ मिलिमीटर बाहेर जाते. याच मालिकेतल्या ५०० ई या मॉडेलला, जिच्या बांधणीत पोर्शाचा हात होता, मर्सिडीजने ८ जे × १६, ईटी ३४ रिम आणि २२५/५५ आर१६ टायर दिले. पण त्यासाठी मडगार्डच रुंद केले. साध्या बॉडीवर तेवढीच रिम बसवताना मागच्या मडगार्डची आतली कड घासणार हे धरून चालावे. ती कड हातोडीने वळवण्याच्या सल्ल्याला भुलू नये: कड वळवताना तीस वर्षांचा रंग तडकतो आणि पहिल्या पावसाळ्यातच तिथून गंज धरतो. स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये बसवायची चकती, लावून जागा काढणे हाही त्याच वाटेवरचा उपाय, तो टाळलेलाच बरा.

रिम आणि टायर यांच्या रुंदीचेही नाते असते. १९५/६५ आर१५ हा टायर साडेपाच ते सात इंची रिमवर बसवता येतो, २०५/५५ आर१६ साडेपाच ते साडेसात, आणि २२५/४५ आर१७ सात ते साडेआठ इंची रिमवर. मर्यादेच्या वरच्या टोकाला टायर ताणला जातो आणि रिमची कड उघडी पडते. मग फुटपाथच्या दगडाला पहिला मान तिचा. त्यामुळे २०५ रुंदीच्या टायरसाठी सात इंची रिम साडेसातपेक्षा सरस.

हब, बोल्ट आणि त्यांची टेकण

डब्ल्यू १२४ ला पाच बोल्ट असून ते ११२ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात बसतात. मधल्या भोकाचा व्यास ६६.६ मिलिमीटर आहे. पाच बोल्ट आणि ११२ हे दोन आकडे जुळले की ‘स्कोडाची रिम बसेल’ असे कोणीतरी म्हणतेच. पण ऑक्टाव्हियाच्या रिमचे मधले भोक ५७.१ मिलिमीटरचे असते, त्यामुळे ती मर्सिडीजच्या हबवर चढतच नाही, आणि लेथवर भोक मोठे करून घेणे म्हणजे दुसऱ्याच हिशोबाने बनवलेल्या रिमचा ऐन मधला भाग कमजोर करणे. बाजारू रिमची उलट तक्रार असते. त्यांचे भोक बहुधा ७३.१ मिलिमीटर असते आणि मधली पोकळी भरण्यासाठी ७३.१ ते ६६.६ मापाची हब रिंग लागते. ती नसेल तर चाक केवळ बोल्टांवर मध्यभागी धरले जाते, आणि बॅलन्सिंग कितीही चोख केले तरी ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत राहते.

बोल्ट एम १२ × १.५ या आट्यांचे आहेत. मर्सिडीजच्या मूळ रिममध्ये बोल्टाची टेकण गोलाकार असते, बाजारातल्या अनेक रिमची मात्र साठ अंशांची शंकूच्या आकाराची. गोल टेकणीच्या भोकात शंकूचा बोल्ट आवळला तर तो एका बारीक कडेवरच टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि काही दिवसांनी सैल होतो. रिम घेताना विक्रेत्याकडून तिचेच बोल्ट मागून घ्यावेत, आणि ते हबमध्ये हाताने निदान सहा ते सात फेरे जातात याची खात्री करावी. आवळण्याचे प्रमाण ११० न्यूटन-मीटर आहे. टायरच्या दुकानातली हवेची बंदूक हे प्रमाण पाळत नाही, म्हणून शेवटचा पीळ टॉर्क रेंचनेच द्यावा.

टायरच्या भिंतीवरची अक्षरे

मापापुढे ‘९१ एच’ असे काहीसे लिहिलेले असते. ९१ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग, व्ही म्हणजे २४०, टी म्हणजे १९०. या गाडीला ९१ पेक्षा कमी निर्देशांकाचा टायर लावू नये. २०५/५५ आर१६ मध्ये ९१ सहज मिळतो. २१५/४५ आर१७ मध्ये मात्र नेहमीच्या प्रकाराचा निर्देशांक ८७ असतो, म्हणजे ५४५ किलो. तेव्हा त्या मापात एक्स्ट्रा लोड प्रकारचाच टायर घ्यावा लागतो. असा टायर तोच भार पेलायला थोडी जास्त हवा मागतो आणि त्याची भिंतही कडक असते. वेगाचे अक्षर एच किंवा त्यावरचे असावे. आपल्याकडे कोणी ताशी २०० ने जात नाही हे खरे, तरी भर उन्हाळ्यात चार माणसे आणि सामान घेऊन द्रुतगती मार्गावरून जाताना टायर जो तापतो, त्याला तोंड देण्याची ताकद त्या अक्षरात दडलेली असते.

त्याच भिंतीवर आयएसआय चिन्ह असल्याचे पाहावे. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरला ते बंधनकारक आहे. लंबगोल चौकटीतले चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. हौशी मालकाच्या गाडीचे रनिंग कमी असते; टायरची नक्षी जशीच्या तशी राहते आणि रबर आतून टणक होत जाते, म्हणून दुकानात वर्षभर पडून राहिलेला टायर सवलतीत मिळत असला तरी घेऊ नये. जून २०२० पासून टायरच्या आयातीवर परवान्याचे बंधन आले, त्यानंतर अनवट मापे मिळणे कठीण झाले आहे. २०५/५५ आर१६ आणि १९५/६५ आर१५ ही मापे आपल्याकडच्या सेडान गाड्यांना चालत असल्यामुळे ती मिळत राहतात; २२५/५० आर१६ साठी मात्र ताटकळावे लागते. रस्त्यात एक टायर फाटला तर त्याचा जोड चार दिवसांत मिळेल का, हा प्रश्न रिम पसंत करण्याआधीच विचारावा.

मग कोणते माप घ्यावे

गाडी रोजच्या वापरात असेल, घरातली वडीलधारी माणसे तिच्यात बसत असतील आणि मूळ पंधरा इंची अलॉय सरळ असतील, तर त्यांनाच रंग देऊन १९५/६५ आर१५ चे चांगले, मऊ चालीचे टायर घालावेत. १२७ मिलिमीटर उंचीची टायरची भिंत पावसाळ्यातल्या खड्ड्यांत जे काम करते, ते कोणताही महागडा शॉक अब्सॉर्बर करू शकत नाही. गाडी थोडी अधिक घट्ट चालावी आणि दिसायलाही भरीव व्हावी असे वाटत असेल तर डब्ल्यू २०३ ची ७ जे × १६ रिम आणि २०५/५५ आर१६ टायर ही जोडी मी सर्वांत वर ठेवीन. भिंतीची उंची ११३ मिलिमीटर उरते आणि व्यास बिघडत नाही. सतरा इंचीमध्ये भिंत १०१ मिलिमीटरवर येते. प्रदर्शनात किंवा रविवारी सकाळच्या फेरफटक्यात ती चाके शोभतात हे नाकारण्यात अर्थ नाही, पण रोजच्या रस्त्यावर रिम वाकणे हा त्यांचा नेमाचा खर्च समजावा. शिवाय मोठी रिम सहसा जड असते. घरच्या वजनकाट्यावर जुने आणि नवे चाक टायरसकट तोलून पाहिले की तो फरक कळतो. दोन-तीन किलोंनी जड झालेले चाक कमी ताकदीच्या डिझेल इंजिनाला पहिल्या गिअरपासूनच जाणवते.

जुनी रिम विकत घेताना

मुंबईत कुर्ल्याला किंवा पुण्यात नाना पेठेत जुनी रिम पाहताना तिची चकाकी पाहू नये, ती उलटी करून पाहावी. आतल्या पन्हळीवर वेल्डिंगची रेघ, घासून सपाट केलेला भाग किंवा केसासारखी चीर दिसली तर चारही रिम नाकाराव्यात, कारण असा संच सहसा एकाच अपघातातून आलेला असतो. मर्सिडीजच्या मूळ रिमवर तारा, ए अक्षराने सुरू होणारा पार्ट क्रमांक आणि माप कोरलेले असते. नकली रिमवर यातले काहीतरी गहाळ असते. पैसे देण्यापूर्वी प्रत्येक रिम टायरविना बॅलन्सिंग मशिनवर फिरवून घ्यावी. कडेजवळ बोट स्थिर धरून रिम फिरवली की अंतर कमी-जास्त होताना दिसते, आणि ती बाक नंतर शिशाच्या तुकड्यांनी झाकता येत नाही.

बसवण्यापूर्वीची आणि नंतरची तपासणी

चारही टायर चढवण्याआधी एक चाक पुढे आणि एक मागे बसवून चाचणी घ्यावी. त्याआधी पुढच्या लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि मागच्या स्प्रिंगखालचे रबरी पॅड मेकॅनिककडून पाहून घ्यावेत. बसलेल्या स्प्रिंगची गाडी मागून खाली झुकलेली असते आणि तिच्यावर घेतलेले कोणतेही माप खोटे ठरते. चाचणीच्या वेळी टायरच्या दोन्ही खांद्यांवर पांढऱ्या खडूने जाड पट्टा ओढावा, मागे तीन माणसे बसवावीत, डिकीत सामान ठेवावे आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून गाडी आधी पुढे आणि मग रिव्हर्समध्ये हळू चालवावी. रिव्हर्स अनेकजण विसरतात, आणि पुढच्या टायरचा मागचा खांदा प्लॅस्टिकच्या अस्तराला नेमका तेव्हाच टेकतो. त्यानंतर एखाद्या उंच स्पीड ब्रेकरवर तिरके चढून मागचे एक चाक पूर्ण दाबले जाईल असे पाहावे. खडू जिथे पुसला गेला, तिथे टायर घासतो. आतल्या बाजूला स्ट्रट आणि टायर यांच्यामध्ये बोट जाईल एवढी जागा असलीच पाहिजे. कागद सरकतो म्हणून समाधान मानू नये, कारण वळणावर टायर कुशीला कलतो.

चाके पक्की झाली की अलाइनमेंट करून घ्यावी, मागच्या चाकांसकट. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा ११० न्यूटन-मीटरला तपासावेत. हवेचे प्रमाण पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर दिलेले असते. टायरचे माप बदलले नसेल तर तेच पाळावे, बदलले असेल तर तिथून सुरुवात करून दीड-दोन महिन्यांनी टायर मध्ये झिजतो की कडांना, हे पाहून एक-दोन पीएसआय कमी-जास्त करावेत. नक्षीची खोली १.६ मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा आहे. पावसाळ्यात तीन मिलिमीटरच्या खाली गेलेल्या टायरवर मी तरी घाट चढणार नाही. दोनच टायर बदलायचे असतील तर नवी जोडी मागे घालावी, कारण गाडी मागच्या चाकांवर ओढली जाते आणि ओल्या रस्त्यावर मागचा भाग निसटला तर सावरणे अवघड असते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, म्हणून कंपनीच्या मालक-पुस्तिकेतल्या मापांच्या आसपास राहणे हाच सुरक्षित मार्ग आहे. माप बदलल्यास विमा कंपनीला लेखी कळवून त्याची पोच जपून ठेवावी.

राहता राहिली स्टेपनी. अलॉय बदलले तरी डिकीतले चाक बहुधा जुने, लोखंडी रिमचेच राहते. २०५/५५ आर१६ घातले असेल तर १९५/६५ आर१५ ची स्टेपनी व्यासाने जवळपास तेवढीच असल्यामुळे गॅरेजपर्यंत पोहोचायला चालते. अडचण बोल्टांची आहे. अलॉयचे लांब बोल्ट पातळ लोखंडी रिममधून हबच्या आत जास्त घुसतात, आणि मागच्या चाकात त्यांची टोके हँडब्रेकच्या भागांना लागू शकतात. म्हणून लोखंडी रिमचे पाच आखूड बोल्ट एका कापडी पिशवीत घालून, पिशवीवर ‘स्टेपनी’ असे लिहून, ती जॅकशेजारी ठेवावी आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ती कुठे आहे हे दाखवून ठेवावे.